आठ वेळा पाहणारी पेटी

रोहन, ईशा,

तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं, दोन दिवस घंटा वाजत होती, कुणी उचलत नव्हतं, कुठे गेला होतात? सुरगाण्याकडे गेलो होतो, सविस्तर लिहीन, एवढंच मी त्याला सांगितलं. फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतं. आता परत येऊन आठ-दहा दिवस झाले. कपडे धुऊन झाले, पायाचे ठणके थांबले, म्हणून लिहायला बसले आहे. आजोबांना विचारूनच लिहिते. "सगळं लिही," म्हणाले.

आधी का गेलो ते सांगते. आजोबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर सातपूरच्या एका लहानशा खाजगी कारखान्यात ते सल्ला द्यायला जाऊ लागले. तिथे बिनमाणसाचं एक छोटं विमान तयार होत होतं. या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंत आपल्या बैठकीच्या खोलीएवढं. जमिनीपासून ठरलेली उंची राखत त्याने आपलं आपण उडायचं. जमीन चढली की चढायचं, उतरली की उतरायचं. ही अक्कल ज्या पेटीत भरलेली होती, ती पेटी आजोबांची. विमानाच्या पोटातून लहरी खाली जातात, जमिनीवर आपटून परत येतात, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते. उंची कमी भरली की पेटी शेपटीची पट्टी उचलते आणि विमान वर जातं.

चाचणीच्या दिवशी ते वर गेलं नाही. सुरगाणा तालुक्यात एका डोंगराच्या धारेवर आदळलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. वर चढण्याचा हुकूम पेटीतून निघाल्याची खूण खाली कुणालाच मिळाली नव्हती. तेव्हा आतला एखादा जोड सुटला असणार, असं सगळे धरून चालले. आणि ते जोड कमलने केलेले होते.

कमल माझी विद्यार्थिनी. नाशिक रोडला बुद्धविहाराजवळच्या कॉलनीत राहते, वडील सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. शाळेत इंग्रजीत बेताची, पण वहीतली आकृती अशी काढायची की पुसायला जागा नसे. सातपूरला सोल्डरिंगच्या, म्हणजे तारा डाग देऊन जोडायच्या, टेबलावर तिला सहा वर्षं झाली. मालकांनी तिला सांगितलं, अहवाल येईपर्यंत घरी बस. अहवाल लिहायचा होता आजोबांनी. त्याचा मसुदा त्यांनी लिहिलाही होता, आणि नेहमीप्रमाणे तो मीच सुवाच्य इंग्रजीत उतरवून दिला होता. 'सदोष जोड' हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले आणि पुढच्या ओळीकडे वळले. ते कुणाचे जोड आहेत, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

गावकऱ्यांनी विमान पडलेलं पाहिल्याचा निरोप आला. पेटी घेऊन या, मग अहवालावर सही करा, असं मालकांनी आजोबांना सांगितलं. त्याच संध्याकाळी कमल घरी आली.

"बाई, मीपण येणार. माझ्या हातचं काम आहे, मला बघू द्या."

तिची आई फाटकाशीच उभी होती. "बाई जात असतील तरच जा," एवढंच ती म्हणाली. म्हणून मीही गेले.

वणीचा रस्ता

सकाळी सहाला जीप आली. ड्रायव्हर भास्कर दिंडोरीकडचा, बोलायला कंजूष. मी डबा, पाण्याच्या बाटल्या, औषधं, टॉर्च आणि वही यांची यादी केली होती. ती तपासून मी जीपमध्ये चढले आणि छत्री विसरले. डिसेंबरात छत्री कशाला, असं आजोबा म्हणाले. उन्हासाठी ती लागली, पण ते पुढे.

दिंडोरीच्या आसपास दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. लोखंडी अँगल, त्यांवर ताणलेल्या तारा, तारांवर वेल. आजोबा खुशीत आले. म्हणाले, "पेटी इथेच शिकली, बरं का."

झालं होतं असं. पहिल्या चाचण्या या बागांवरून झाल्या. तारा, पानं, अँगल, मधली मोकळी जमीन यांवरून लहरी वेड्यावाकड्या परत येत. पेटीला वाटे, आत्ता जमीन जवळ, आत्ता लांब. विमान घाबरलेल्या शेळीसारखं उड्या मारत जाई. तेव्हा आजोबांनी पेटीला एक सवय लावली. ती सेकंदाला दहा वेळा जमिनीकडे बघायची. प्रत्येक बघण्यावर विश्वास ठेवायचा नाही. आठ वेळा बघायचं, आठांची सरासरी काढायची, आणि मग ती मानायची. त्यानंतर विमान बागांवरून लोण्यासारखं गेलं. मालकांनी पेढे वाटले होते.

"साहेबांनी आठ घातले आणि उड्याच बंद," कमलनेही कौतुकाने सांगितलं.

वणीला चहा घेतला. तिथे आजोबांनी कमलच्या पिशवीतली फूटपट्टी घेऊन एक खेळ दाखवला. तो तुम्हीही करून बघा. एकाने पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली बोटं उघडी ठेवायची. पट्टी सुटली की पकडायची. कमलने पकडली तेव्हा वीसेक सेंटीमीटर पट्टी निसटली होती. म्हणजे डोळ्याने पाहून हात मिटायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. भास्करने न बोलता हात पुढे केला आणि पंधरावर पकडली. माझ्या हातून पट्टी सरळ चहाच्या कपात गेली.

"माणूस एवढा उशिरा जगतो," आजोबा म्हणाले. "ताशी चाळीसने चाललेल्या जीपला चालतं. ते विमान एका सेकंदात सत्तर मीटर जातं. तिथे माणूस बसवून उपयोग नाही. पेटीच हवी."

सुरगाण्याच्या पुढे

बोरगावचा घाट चढताना इंजिन तापलं. भास्करने बॉनेट उघडून ठेवलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या दगडावर बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. सुरगाण्याच्या पुढे डांबर संपलं. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. कामाचा बोभाटा नको, असं मालकांनी बजावलं होतं.

गावात शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. कुडाची घरं, सारवलेली अंगणं, आणि माणूस नाही. बहुतेक दारांना काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. एका अंगणात मडकं पालथं घातलेलं, त्यावर उन्हाची तिरीप. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मला एकदम वाटलं, आपण यायच्या क्षणभर आधीपर्यंत इथे सगळे होते. कमलने माझा हात धरला, की मी तिचा, ते आठवत नाही.

भास्कर म्हणाला, "भाताची कापणी झाली की समदे द्राक्षाच्या छाटणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला जातात. आमच्याच तालुक्यात. होळीला परततील."

मागे राहिलेली तीन-चार म्हातारी माणसं. त्यांतल्या सोनीबाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं. त्या आपसांत तिथल्या आदिवासींच्या कोकणी बोलीत बोलत तेव्हा मला निम्मंच कळे, पण आमच्याशी सावकाश मराठीत बोलल्या. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची पातळ डाळ, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. तिथे एकदाच वाढतात, आणि तुम्ही खाल्लं की नाही हे न बघता दुसरीकडे बघत बसतात. मला ते आवडलं. ओट्यावर ऊन आलं तेव्हा सोनीबाईंनी आपली घोंगडी उचलून माझ्या डोक्यावर टाकली, तीही न विचारता.

आजोबांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंत का पडताना?"

"मीच पायलं. गोवऱ्या येचत होते. ती आली, धारेवर आपटली, धूळ उडाली. मंग आवाज आला."

"आपटल्याचा?"

"नाय. येण्याचा. ती हितं पडलेली, आन् येण्याचा आवाज अजून येतोय. मागल्या अंगानं."

समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी आला असेल, असं आजोबांनी मला समजावलं. समजलं. तरी मान वळवून मागे बघावंसं वाटलंच.

"मेली नव्हती पण," सोनीबाई म्हणाल्या. "दोन दिस जीव होता. माणूस म्होरं गेला का शेपूट उचलायची."

कमल हसली. "बॅटरी चालू असणार, साहेब. पोट वाटेकडे झालं असेल. माणूस आला की तिला वाटायचं जमीन आली."

"पाणी ठेवलं म्या," सोनीबाई म्हणाल्या. "जीव हाय तर पाणी पायजे."

"तिला पाणी नको मावशी, करंट पाहिजे."

"करंट हितं कुठं? हितं पाणीच." मग त्या आजोबांकडे वळल्या. "तुमचं जनावर लय आळशी, म्हातारबा."

"आळशी कसं?"

"लगीच नाय उचलत. तू जा. हुबा ऱ्हा. एक दम खा. मंग उचलल. आधी इचार करतंय."

आजोबांच्या हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत गेला. आपल्या कामाबद्दल कुणी काही म्हटलं की ते लगेच समजावून सांगतात. चाळीस वर्षं मी ते ऐकत आले आहे. त्या दुपारी त्यांनी ताट बाजूला सारलं. डाळ गार झाली. मी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तर म्हणाले, "उन्हाचं."

धार चढायला उशीर झाला होता. शाळेच्या खोलीत मुक्काम केला.

धारेवर

सकाळी सोनीबाई पुढे, मागे आम्ही. भास्करने पाण्याची कळशी घेतली होती. तासभराची चढण. खालच्या खाचरांत भाताचे खुंट आणि त्यांवर धुक्याचा पातळ थर. धारेच्या अलीकडे वारा होता, धार ओलांडली आणि तो बंद झाला. कुणी दार लावावं तसा.

ते कारवीच्या झुडपांत कुशीवर पडलं होतं. एक पंख मोडून अंगाखाली गेलेला. पोट वाटेकडे, शेपटी वर. भोवती हातभर अंतरावर दगडांचं कडं केलेलं. नाकापाशी पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात पाणी. ते ताजं होतं. म्हणजे शेपूट हलायचं थांबल्यावरही कुणीतरी रोज इतकं चढून येत होतं.

आजोबा म्हणाले, "पेटी सोडवून घेऊ. नाशिकला टेबलावर बघू."

कमलने पिशवीतून नवी बॅटरी काढली होती. "इथेच लावून बघू या ना, साहेब."

"दव पडलंय. ओलावा असेल. जळून जाईल."

"उडायच्या आधी टेबलावर तर ती चांगलीच होती, साहेब. बिघडली ती इथे."

 आजोबा बॅटरीकडे बघत होते, कमलकडे नाही. हा माणूस मी खूप वर्षं पाहिलेला आहे, रोहन. त्यांना काय कळलं आहे ते मला कळत नव्हतं, पण काहीतरी कळलं आहे आणि ते त्यांना नको आहे, एवढं कळत होतं. ती पेटी नाशिकला गेली असती, तर टेबलावर काय दिसलं हे फक्त त्यांनी आणि मालकांनी पाहिलं असतं. कमल घरी बसलेली असती.

मी म्हटलं, "अहो, जळली तर जळू दे. इथेच बघा."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना गर्दीत मोठ्याने नावाने हाक मारली. मग खाली बसून त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले. शेवटचे दोन घट्ट बसले होते, ते कमलने काढले.

बॅटरी जोडली. आत एक हिरवा दिवा लागला. शेपटीची पट्टी एकदा शहारली. मोडलेल्या, चिखल वाळलेल्या त्या देहात ती तेवढीच हलली, आणि मी दोन पावलं मागे सरले.

कमलने डोळ्याला भिंग लावलं, हातात लाकडी काडी घेतली आणि एकेक जोड ठोकून बघायला लागली. जोड कच्चा असेल तर ठोकल्यावर दिवा लुकलुकतो. ती घाई करत नव्हती. ओळीने सगळे ठोकले, मग उलट्या ओळीने पुन्हा. दिवा स्थिर. घाम तिच्या हनुवटीवरून काडीवर पडत होता. शेवटी तिने काडी खाली ठेवली आणि आजोबांकडे पाहिलं.

"आता सोनीबाई, तुम्ही चाला," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला होता. त्यांनी खिशातलं स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "त्या थांबल्या की सुरू कर. शेपूट उचललं की बंद."

सोनीबाई वाटेने सरळ विमानाच्या पोटाकडे गेल्या आणि दगडांच्या कड्याशी थांबल्या. मी बटण दाबलं. काही झालं नाही. वारा नव्हता, कुणी हलत नव्हतं, पान पडत नव्हतं. आणि मग, आता काही होणार नाही असं वाटत असताना, शेपूट उचललं गेलं.

"इचार केला," सोनीबाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मला सर्वांत भीती वाटली ती यानंतर. त्या बाजूला झाल्या होत्या, वाट मोकळी होती, तरी शेपूट वरच. त्या अजून तिथे उभ्याच आहेत अशा तऱ्हेने ते यंत्र मोकळ्या जागेला घाबरून होतं. मग सावकाश खाली आलं.

आम्ही पाच वेळा तेच केलं. मी बटण उशिरा दाबते, पण सुरू करतानाही तेवढाच उशीर आणि बंद करतानाही, त्यामुळे तो फिटतो, हे आजोबांनी मला पूर्वीच शिकवलेलं. आकडे वहीत लिहिले. पाचही वेळा जवळजवळ एक सेकंद.

आजोबा धारेच्या काठाशी गेले. समोर दरी, खाली खाचरं. त्यांनी हात लांब करून दरीवरच्या रिकाम्या हवेत एक जागा दाखवली.

"विमान इथे होतं. पेटी तिथे होती. सत्तर मीटर मागे. आठ वेळा बघून होईपर्यंत बघितलेलं सगळं जुनं झालेलं. ती दरीवरून उडत होती. समोर डोंगर आलाय हे तिला माहीतच नाही." थोडं थांबून म्हणाले, "आपटल्यावरसुद्धा. जवळपास एक सेकंद तिला वाटत असणार, आपण हवेत आहोत."

मी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. पण आता तिच्याकडे पाठ करून उभं राहवेना.

द्राक्षबागा सपाट असतात. तिथे एक सेकंदापूर्वीची जमीन आणि आत्ताची जमीन सारखीच. तारांच्या उड्या बंद व्हाव्यात म्हणून लावलेली सवय डोंगरात तशीच राहिली. ती काढायला हवी होती, आणि काढणारा माणूस एकच होता.

कमल म्हणाली, "म्हणजे जोड ठीक."

"ठीक. उत्तम."

"मग चूक?"

"आठ माझे आहेत, कमल."

ती द्रोणाजवळ उकिडवी बसली. बराच वेळ काडीने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "लिहाल?"

"लिहीन."

"कागद फायलीत जातो, साहेब. टेबलावरच्या बायका फाईल वाचत नाहीत. त्यांनी ऐकलंय की कमलचा जोड सुटला. गल्लीपर्यंत गेलंय ते. माझ्या आईला रेशनच्या रांगेत एकीने विचारलं."

आजोबा म्हणाले, "मग तिथेच सांगतो. टेबलांपाशी."

बॅटरी काढायच्या आधी सोनीबाईंनी विचारलं, "आता मरल का ती?" कमलने मान हलवली. सोनीबाईंनी द्रोणातलं पाणी कारवीच्या मुळाशी ओतलं आणि तार काढेपर्यंत तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

सातपूर

परतीचा रस्ता लिहिण्यासारखा नाही. पेटी कमलच्या मांडीवर होती. वणीला चहालाही कुणी उतरलं नाही.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले. एरवी मी जात नाही. मालक केबिनमध्ये होते. आजोबांनी नवा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. मालकांनी वाचला, परत वाचला, आणि म्हणाले, "काका, एवढं स्पष्ट कशाला? जोडही थोडा ढिला होता असं लिहा ना. दोन कारणं असतात. तुमचंही राहील, आमचंही."

आजोबांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. ते वाक्य लिहिणं किती सोपं होतं ते मला माहीत होतं. माझ्याच अक्षरात ते आधी एकदा लिहिलं गेलं होतं.

"नव्हता ढिला," ते म्हणाले आणि उठले.

सोल्डरिंगच्या हॉलमध्ये अकरा बायका आहेत. दहाचा चहा चालू होता. कमल दारातच उभी, आत आलेली नव्हती. आजोबांनी घसा साफ केला. लग्नसमारंभातसुद्धा ते दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत.

"विमान पडलं ते कमलच्या जोडामुळे नाही. सगळे जोड पक्के आहेत, मी स्वतः तिथे जाऊन बघितले. पेटीला उशिरा बघायची सवय मी लावली होती. ती मी काढली नाही. चूक माझी."

 चहाचे कप टेबलांवर ठेवले गेले. मग मागच्या टेबलावरची एक वयस्क बाई म्हणाली, "कमल, दारात काय उभी? चहा निवतोय तुझा."

कमल आत गेली. चहा घेतला नाही. आपल्या टेबलावर बसली, इस्त्रीसारखी तापणारी ती सोल्डरची कांडी लावली आणि तापायची वाट बघत टोक पुसत राहिली. आम्ही अजून तिथेच होतो. तिने वर पाहिलं. "साहेब, निघा तुम्ही. बाई थकल्यात," म्हणाली, आणि काम पुढे ओढलं.

पुढच्या पेटीसाठी मालक पुण्याचा कुणी इंजिनियर बोलावणार आहेत. हे त्यांनी फाटकापर्यंत येऊन सांगितलं, वाईट वाटणार नाही असं. आजोबांनी त्यांना उलट आठवण करून दिली, नव्या माणसाला डोंगराचे आकडे आधी द्या, बागांचे नंतर.

बाहेर आलो. रिक्षा समोरच्या बाजूला होत्या. रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो, कारण एक ट्रक येत होता. तो आला, गेला, धूळ बसली, रस्ता दोन्हीकडून रिकामा झाला. तरी आजोबा थांबूनच होते, समोर बघत.  मी त्यांचा हात धरला, दोन्हीकडे बघितलं आणि त्यांना पलीकडे नेलं.

तुमची,
आजी